अस्वल, बिबट्या आणि कमरेचे पिस्तूल

रानावनात पायी हिंडताना हिंस्र प्राण्यापासून बचाव म्हणून कोणते पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर जवळ ठेवावे, हा प्रश्न मुळात उत्तर अमेरिकेतला. अलास्का, मॉन्टाना, वायोमिंग या राज्यांत ग्रिझली अस्वलांच्या मुलखात फिरणारे लोक त्यावर वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. महाराष्ट्रात तो दोन प्राण्यांमुळे पडतो. विदर्भाच्या जंगलात अस्वलामुळे आणि राज्यात जवळपास सगळीकडे बिबट्यामुळे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात अस्वल नाही. पण नोव्हेंबर २०२० मध्ये बिबट्याने हा प्रश्न गावांच्या वेशीवर आणून उभा केला.

उत्तराची सुरुवात बहुतेक जण बोअर आणि काडतुसापासून करतात. आधी प्राणी हल्ला कसा करतो ते पाहायला हवे, मग माणसाच्या हाती किती वेळ उरतो आणि कायदा काय बाळगू देतो ते. हत्याराची पाळी त्यानंतर येते, आणि या वाटेने गेले की पिस्तुलाची बाजू चांगलीच लंगडी पडते.

महाराष्ट्रातले अस्वल वाळवी, मध, मोहफुले, बोरे आणि टेंभुर्णीची फळे खाणारे. नर साधारण ८० ते १४५ किलोंचा, मादी ५५ ते ९५ किलोंची. बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य, मेळघाट, ताडोबा, नवेगाव आणि गडचिरोलीची जंगले ही त्याची ठिकाणे. वारूळ फोडण्यासाठी असलेली त्याची बाकदार नखे सहा ते दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात. नाक तल्लख असले तरी डोळे आणि कान बेताचेच. वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत असताना त्याचा स्वतःचाच आवाज इतका असतो की माणूस दहा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग ते दचकते, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येण्याचा संभव मोठा. पाठीवर पिल्ले घेतलेली मादी तर हमखास. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला जाणारी माणसे याच वेळी, याच झाडांखाली त्याच्या समोर येतात. ते माणसाला खाण्यासाठी मारत नाही. डोके, चेहरा आणि हात यांवर ओरबाडून, चावे घेऊन ते निघून जाते. बहुतेक हल्ले मिनिटभरात आटोपतात, पण तेवढ्यात डोळा जातो, कवटी सोलली जाते.

बिबट्याची तऱ्हा याच्या अगदी उलट. तो दचकून हल्ला करत नाही, ठरवून करतो. पन्नास-साठ किलोंचा हा प्राणी उसात, तुरीत, कपाशीत गुडघाभर आडोसा मिळाला तरी लपतो, मागून किंवा बाजूने येतो आणि मान किंवा नरडे धरतो. त्याच्या नजरेला उभा माणूस भक्ष्यासारखा दिसत नाही. वाकून वेचणी करणारी बाई, उकिडवा बसलेला माणूस आणि लहान मूल मात्र दिसते. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात शेतशिवाराच्या शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आढळले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड याच अकोल्यात. म्हणजे त्या वाटांवर दर शनिवार-रविवारी जाणारे हजारो ट्रेकर बिबट्याच्या घरातूनच जातात आणि बहुतेकांना त्याचे शेपूटही दिसत नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर ट्रेकरला जास्त भीती आग्या मोहळाची, आणि त्यावर कोणत्याच बोअरचा इलाज नाही.

बिबट्याने माणसे मारायला सुरुवात केली की चित्र कसे पालटते, ते आष्टीने पाहिले. २०२० च्या ऑक्टोबरात शेजारच्या पाथर्डी तालुक्यात, मढीच्या परिसरात, लहान मुले बिबट्याने उचलून नेली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आष्टी तालुक्यात सुर्डी, किन्ही आणि पारगाव जोगेश्वरी या गावांच्या शिवारात एकामागून एक बळी गेले. त्यात शेतात गेलेला तरुण होता, लहान मुलगा होता, बाई होती. डिसेंबरात हीच मालिका सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात सुरू झाली. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून वनखात्याची पथके आली, पिंजरे लागले, ड्रोन उडाले. रब्बीच्या ज्वारीला पाणी द्यायचे दिवस, आणि शेतीची वीज रात्रीची. दार लावून घरात बसावे तर पीक जाते आणि बॅटरी घेऊन दारे धरायला जावे तर जीव जातो, अशा कात्रीत माणसे सापडली. दिवसा वीज द्या, ही मागणी त्या दिवसांत बंदुकीच्या मागणीइतकीच जोरात होती आणि बचावाच्या दृष्टीने ती अधिक शहाणपणाची होती. अखेर १८ डिसेंबर २०२० रोजी करमाळ्यातल्या वांगी शिवारात तो बिबट्या मारला गेला. वनखात्याचा आदेश होता आणि गोळ्या झाडल्या त्या अकलूजच्या धवलसिंह मोहिते-पाटील यांनी. हत्यार खांद्याला लावून चालवायची लांब नळीची बंदूक होती. सोबत पथक होते आणि माग काढण्यात कित्येक दिवस गेले होते.

या बळींपैकी कोणाच्या कमरेला पिस्तूल असते तर काय झाले असते? याचा हिशेब सेकंदांत करावा लागतो. आधी अस्वलाचा घेऊ. ते ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने धावू शकते, म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. दहा मीटरवरून दचकून आलेले अस्वल सव्वा सेकंदात अंगावर असते. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते की, सराव असलेल्या पोलिसाला म्यानातून पिस्तूल काढून नेम धरून गोळी झाडायला सुमारे दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर कापतो. हा हिशेब दोन पायांच्या हल्लेखोराचा, तोही समोरून येणाऱ्या. बिबट्याच्या बाबतीत तर हिशेबाला जागाच नाही, कारण तो आल्याचे कळते तेच मानेवर दात लागल्यावर. सॅकच्या पोटपट्ट्याखाली, रेनकोटच्या आत किंवा पिशवीत ठेवलेले पिस्तूल अशा वेळी असून नसल्यासारखे. अलास्कातले अनुभवी वाटाडे म्हणूनच छातीवर बांधायचे चामडी म्यान वापरतात. तिथे हात झोपूनही पोहोचतो.

आता हत्यारांकडे. भारतात सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारे छोटे हत्यार म्हणजे व्यवहारात .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. लष्कर-पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरसारखी बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतात. परदेशी बंदुकांची खासगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे, त्यामुळे जुने विलायती माल हातोहात बदलतात आणि त्यांचे भाव लाखांत जातात. सरकारी कारखान्यांच्या मालात कानपूरची रिव्हॉल्व्हरे प्रसिद्ध. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ अवघ्या अर्ध्या किलोचे, महिलांच्या पर्समध्ये मावेल असे, तेव्हा सुमारे सव्वा लाखाचे. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ची चक्री बाजूला उघडते, वजन सुमारे सातशे ग्रॅम आणि पल्ला पन्नास मीटरपर्यंत सांगितला जातो. ही दोन्ही माणसापासून बचावासाठी बनलेली आहेत. त्यांच्या जाहिरातीत अस्वल कधी नव्हते आणि त्यात चूक काहीच नाही.

.३२ बोअरच्या गोळीत नळी सोडताना साधारण दीडशे ते पावणेदोनशे ज्यूल ऊर्जा असते. ९ मिलिमीटरची गोळी पाचशेच्या आसपास जाते. अस्वलाच्या मुलखात अमेरिकी लोक ज्याची शिफारस करतात त्या .४४ मॅग्नमची ऊर्जा हजार-बाराशेच्या पुढे, आणि बारा बोअरच्या बंदुकीतून सुटलेल्या एकसंध गोळीची सुमारे तीन हजार ज्यूल. केवळ ऊर्जेवरून निकाल लागत नाही, हे खरे. अस्वलाच्या दाट केसांखाली जाड कातडे, चरबी, खांद्याचे भक्कम स्नायू आणि कपाळाचे उतरते हाड असते. तिथे आत खोलवर शिरणारी कठीण शिशाची गोळी लागते. माणसावर वापरतात ती पोकळ टोकाची, फुटून पसरणारी गोळी वरच्यावरच थांबते. बिबट्याचे अंग हलके असल्याने त्याच्या बाबतीत शिरण्याची अडचण कमी. तिथे खरी अडचण नेमाची. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, वळवळणारे लक्ष्य आणि त्याच्या तोंडात कदाचित सोबतीचा माणूस. दीडशे ज्यूलच्या गोळीने बिबट्या जायबंदी झाला आणि उसात शिरला, तर त्या फडात दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन कोण उतरणार?

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा वाद खरे तर दुय्यम आहे, पण त्यात एक मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे. प्राणी अंगावर पडल्यावर हत्यार त्याच्या अंगाला टेकवूनच चालवावे लागते. पिस्तुलाची वरची सरकपट्टी अशी दाबली गेली की थोडी मागे सरकते आणि गोळी सुटत नाही. शिवाय पकड ढिली पडली तर रिकामे काडतूस अडकते. रिव्हॉल्व्हरला ही खोड नाही. चाप ओढला की चक्री फिरते आणि एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा ओढायचा. उलट पिस्तुलात गोळ्या जास्त मावतात आणि धक्का कमी बसतो. मोठ्या बोअरची हलकी रिव्हॉल्व्हरे मनगटाला असा हिसका देतात की दुसरी गोळी आभाळात जाते. ज्याने वर्षाकाठी शे-दोनशे गोळ्यांचा सराव केलेला नाही, त्याच्यासाठी या दोहोंत फारसा फरक उरत नाही.

कायदा या चर्चेला आणखी आखडतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी आणि ठासणीची बंदूक पीकरक्षणासाठी देण्याची वाट तुलनेने मोकळी ठेवली आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. वय किमान २१, पोलिसांचा अहवाल, हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण, असे टप्पे असतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ‘ट्रेकला जातो’ हे सबळ कारण मानले जाण्याची आशा कोणी धरू नये. त्यात बीड जिल्हा. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर जिल्ह्यातल्या बाराशेहून जास्त परवान्यांची चर्चा राज्यभर झाली, हवेत गोळीबार करणाऱ्यांची चित्रे फिरली आणि त्यानंतर प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. बीडमध्ये कमरेच्या पिस्तुलाचा संबंध जनावराशी फार थोडा आणि मिरवण्याशी फार जास्त राहिला आहे.

परवाना असला तरी जंगलाचा कायदा वेगळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात कोणतेही हत्यार नेता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. कलम ३४ नुसार अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव नोंदवायचे असते आणि त्या टापूत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. आष्टीच्या शेजारी पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे, तिथल्या गावांना ही अट लागते. म्हणजे जिथे अस्वल भेटण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमके तिथेच पिस्तूल नेणे गुन्हा. अस्वल आणि बिबट्या दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद.

स्वसंरक्षणाची सोय कायद्यात आहे, ती कलम ११ मध्ये. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला वा जखमी केला तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र त्या क्षणी तो माणूस याच कायद्याचा भंग करत असेल तर हे संरक्षण मिळत नाही. विनापरवानगी हत्यार घेऊन अभयारण्यात शिरलेला माणूस या अटीत आपोआप अडकतो. शेतात कुऱ्हाडीने किंवा काठीने झुंज देणारा शेतकरी अडकत नाही.

अमेरिकेतल्या नोंदी इथे उपयोगी पडतात, कारण इतका तपशील इतरत्र कोणी जमवलेला नाही. अलास्कातल्या १८८३ ते २००९ या काळातल्या २६९ प्रसंगांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. छोट्या हत्यारांनी ८४ टक्के प्रसंगांत आणि लांब बंदुकांनी ७६ टक्के प्रसंगांत अस्वल थांबले. एवढे वाचून पिस्तूलप्रेमी खूश होतात. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की, बंदूक चालवणारे आणि बंदूक असूनही न चालवणारे यांच्या जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. २००८ मध्ये याच गटातल्या संशोधकांनी मिरचीच्या फवाऱ्याचे ८३ प्रसंग तपासले होते. तपकिरी अस्वलांवर तो ९२ टक्के वेळा लागू पडला आणि फवारा जवळ असलेल्या ९८ टक्के माणसांना जखम झाली नाही. हा फवारा सात-आठ मीटरपर्यंत ढग तयार करतो, त्याला नेम लागत नाही, वारा मात्र बघावा लागतो. आपल्याकडे औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारी बोटभर बाटली दोन-तीन मीटरचीच. ती माणसासाठी आहे, अस्वलासाठी पुरत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही यलोस्टोन किंवा ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात जाताना हा प्रश्न पडतो. फेब्रुवारी २०१० पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत त्या-त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक नेता येते. पण एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगण्याची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यास अपवाद. मित्राचे पिस्तूल सहज हातात धरणेसुद्धा अशा माणसाला महागात पडू शकते. फवारा उद्यानाच्या दारातल्या दुकानात मिळतो, तो विमानात चढत नाही म्हणून तिथेच विकत घ्यावा आणि अस्वलापासून शंभर यार्ड दूर राहावे, ही उद्यानाचीच सूचना आहे.

इकडे काय कामी येते, ते वनखाते आणि गावकरी यांच्या अनुभवातून ठरले आहे. अस्वलाच्या रानात एकत्र चालणे आणि बोलत, टाळ्या वाजवत, काठी आपटत जाणे. वारूळ आणि मोहाखाली पहाटे एकट्याने न जाणे. अस्वल दिसले तर पळायचे नाही, सावकाश मागे सरायचे. अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान आणि डोके झाकायचे, सॅक पाठीवर असेल तर ती काढायची नाही. बिबट्याच्या बाबतीत हे चालत नाही. त्याच्यापुढे पालथे पडणे म्हणजे भक्ष्यासारखे दिसणे. तिथे उभे राहून, हात वर करून, ओरडत, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरावे लागते, आणि त्याने धरलेच तर काठी, दगड, हातपाय, जे असेल त्याने झुंजावे लागते. रात्री शेतात जाताना दोघे-तिघे, मोठ्या झोताची बॅटरी, घुंगरू बांधलेली काठी, मोबाइलवर मोठ्याने गाणी. गर्भगिरीच्या डोंगरात मढीहून सावरगावच्या मायंबाला, मच्छिंद्रनाथांच्या समाधीकडे पायी जाणारे भाविक घोळक्याने आणि गजर करत जातात. बिबट्याच्या दृष्टीने याहून नकोशी गोष्ट दुसरी नसेल. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात बळी गेल्यावर बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. दिसायला तो पट्टा विचित्र, पण बिबट्या नेमका कुठे चावतो हे जाणून केलेला. पिस्तुलाला हे जमत नाही, कारण पट्ट्याला सावध असावे लागत नाही.

माणसे मारणारा बिबट्या किंवा वाघ खरोखरच संपवायचा असेल तेव्हा ते काम मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने होते. आधी पिंजरा, मग भुलीचे इंजेक्शन. भूल चढायला काही मिनिटे जातात, म्हणून ती स्वसंरक्षणाचे साधन होऊच शकत नाही. पिंपरखेडच्या बिबट्यालाही आधी भूल देण्याचा प्रयत्न झाला, तो फसल्यावर नेमबाजांनी गोळी घातली. नेमबाजाकडे रायफल किंवा बारा बोअर असते, पिस्तूल कोणी नेत नाही. आदेशाच्या अटी पाळल्या गेल्या की नाही यावरून २ नोव्हेंबर २०१८ रोजी पांढरकवड्याजवळ मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, इतकी या आदेशांची छाननी होते.

स्वसंरक्षणात प्राणी मेला तर तो कलम ११ नुसार सरकारची मालमत्ता ठरतो. नख, दात, मिशी यांतले काहीही काढायचे नाही, शव हलवायचे नाही, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच कळवायचे. पंचनामा आणि शवविच्छेदन त्यानंतर होते. हल्ला खरोखर झाला होता याचा सर्वांत भक्कम पुरावा जखमा आणि त्यांचा दवाखान्यातला कागद हाच असतो. हत्यार परवान्याचे असेल तर पोलीस ठाण्यातही त्याच दिवशी खबर द्यावी लागते.